पोर्तुगीज शिकताय? मराठी जिभेच्या या चुका टाळा

मुंबईत पोर्तुगीजच्या वर्गात बसलं की पहिल्याच आठवड्यात जुनी ओळख निघते: साबण, चावी, बटाटा, लिलाव, अननस, घमेलं. आणि या ओळखीवर विसंबूनच पुढे मार्क जातात.

'पाव'च घ्या. आपल्या सवयीने म्हटलात तर ऐकणाऱ्याला 'पाउ', म्हणजे लाकडाचा दांडा, ऐकू येतो. खायचा पाव 'पँउ', स्वर पूर्ण नाकातला. 'पाउन' असा शेवटी 'न' लावणं ही दुसरी चूक. तपासायचं कसं? नाक चिमटीत धरा आणि दोन्ही शब्द म्हणा. 'पाउ' तसाच निघतो, 'पँउ' कोंडतो. दोन्ही सारखेच निघाले तर स्वर अजून नाकात गेलेला नाही. मग 'मँउ' (हात) आणि 'माउ' (वाईट) ही जोडी घ्या. रोज पाच मिनिटं पुरतात, पण पहिल्या महिन्यातच करा. नंतर ही सवय मोडणं फार जड जातं.

अर्थही सरकलेत. 'पगार' तिथे क्रियापद आहे, पैसे देणे. महिन्याच्या पगाराला 'सलारियु'. 'पेरा' म्हणजे नासपती, पेरूला 'गोयाबा'. चावीचा उच्चार आता 'शाव्ह'. जुना 'च' आपण जपला, त्यांच्याकडे त्याचा 'श' झाला.

आपल्या एका 'आहे'ला तिकडे तीन वाटा. मी विद्यार्थी आहे: 'सेर'. मी दमलो आहे: 'श्तार'. स्टेशन, इमारत, शहर कुठे आहे: 'फिकार'. म्हणून चर्चगेट कुठे आहे, हे विचारताना 'ओंद फीका' म्हणा.

'तुम्ही'चं शब्दशः भाषांतर करू नका. 'व्होसेश' फक्त अनेकांसाठी. पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्या एका व्यक्तीला 'उ सेन्योर' किंवा 'आ सेन्योरा', आणि क्रियापद तृतीय पुरुषी. तिथे मोठ्यांना 'व्होसे' म्हटलेलं खटकू शकतं; ब्राझीलमध्ये ते रोजचं आहे.

लिंगं दोनच. आपलं नपुंसकलिंगी दूध तिथे पुल्लिंगी, पाणी स्त्रीलिंगी. वहीत शब्द लिहिताना आधी 'उ' (पुल्लिंगी) किंवा 'आ' (स्त्रीलिंगी) लिहाच.

खरी अडचण येते ती 'वेळ मिळाला की येतो' अशा वाक्यांत. आपण इथे भूतकाळी रूप वापरतो, पोर्तुगीजला भविष्यकाळाचं खास संशयार्थी रूप लागतं. पाठ करत बसू नका, बनवा: क्रियापदाचं 'त्यांनी केलं' या धाटणीचं भूतकाळी रूप घ्या आणि शेवटचा 'अँउ' गाळा. 'तिव्हेरँउ'चं (त्यांच्याकडे होतं) 'तिव्हेर', 'फिझेरँउ'चं (त्यांनी केलं) 'फिझेर', 'फोरँउ'चं (ते गेले) 'फोर'. अनियमित क्रियापदांनाही हीच युक्ती लागू पडते.

पोर्तुगाल की ब्राझील, हे पहिल्या सत्रातच ठरवा. बस एकीकडे 'औतुकार्रु', दुसरीकडे 'ओनिबुस'. निबंधात दोन्ही मिसळू नका. परीक्षाही वेगळ्या: लिस्बन विद्यापीठाच्या 'कापले' (CAPLE) परीक्षेत पातळी आधी निवडून अर्ज भरायचा, ब्राझीलच्या 'सेल्पि-ब्रास' (Celpe-Bras) परीक्षेत पेपर एकच आणि पातळी गुणांवरून ठरते.