मालवणात दिवसभर पालथं पडायचं असेल तर

स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत तळ बघायला जायचं, तर पहिली तयारी पिशवीची नाही, कालनिर्णयाची. आपण तारीख बघतो, किनाऱ्यावरचा माणूस तिथी बघतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाण्याला ओढ जास्त, तळाची वाळू ढवळलेली, आणि मास्क लावून खाली बघितलं की नुसतं ताक. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी, त्यामानाने निवांत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली एखादी अष्टमी शोधायची, ती शनिवार-रविवारी नाही ना ते बघायचं आणि मगच साहेबांकडे रजा मागायची. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं.

पाण्यात सकाळीच उतरायचं. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. सकाळी वारा जमिनीकडून येतो, पाणी ताटासारखं सपाट. दुपारनंतर तो फिरतो आणि स्नॉर्केलच्या नळीत लाटा शिरायला लागतात. पाण्यात उतरण्याच्या दोन तास आधी हलकं खा, दोन घावने पुरे. मिसळ खाऊन गेलात तर तिचा ढेकर त्याच नळीत येतो, हे अनुभवाने सांगतो. बोट लागत असेल तर गोळी बोटीत नाही, अर्धा तास आधी.

मास्क भाड्याने मिळतो, पण शक्य असेल तर स्वतःचा घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर पाणी झिरपणारच. नाकाखाली थोडं व्हॅसलीन लावा किंवा एक दिवस मिशीची माया सोडा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी फिरवून विसळायची. किळस वाटते, पण याहून सोपा उपाय मला मिळालेला नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट हवाच, कारण तासभर पालथं तरंगताना पाठ पापडासारखी भाजते आणि ते रात्री कळतं. पायात रबरी बूट, कारण खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात.

बोट सिंधुदुर्गाजवळ थांबते. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा भोवतालचे खडक शत्रूच्या जहाजांना नडतील हाही हिशेब होता. आता त्याच खडकांवर प्रवाळ आहे आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तुमच्या काचेशी येतात. पाण्यात सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, तेव्हा वर येऊन माशाची लांबी सांगताना जरा आवरा. फोटोसाठी काही जण पाव टाकून मासे गोळा करतात. मला नको, असं बोटीत बसतानाच सांगा. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडा उचलायचा तर अजिबातच नाही. तो गुन्हा आहे.

आंघोळ, बांगडा, सोलकढी, झोप. याला तयारी लागत नाही.

चारनंतर चिवल्याच्या किनाऱ्यावर बसायला एक जाड पंचा, टोपी आणि भरलेली पाण्याची बाटली एवढंच. फोन खोलीवर. पाठीशी सुरूचं झाड मिळालं तर उत्तम. मग बघत राहायचं. घाटावरून आलेले आजोबा पहिल्यांदा समुद्र बघतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात, आणि कुणी बघत नाही असं बघून जिभेला लावतात. खारट निघाल्यावर त्यांचा चेहरा असा होतो, जणू कुणीतरी सांगितलेलं खरं निघालं. प्रत्येक कुटुंबात एक गृहस्थ सगळ्यांच्या चपला धरून कोरड्या वाळूत उभा असतो. त्या दिवशी एकाकडे सहा जोड होते आणि वर एक बाहुली. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर मात्र नुसतं बसू नका, दोरीला हात लावा. तळव्यांना आठवण राहते.

निघताना मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. सुकट घेणार असाल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा. एसटीत कोल्हापूरपर्यंत शेजारी कोण बसेल सांगता येत नाही.