एक अडकित्ता, सहा तऱ्हा: फोटोग्राफीच्या कोर्सवर्कची फाइल कशी करावी

‘प्रतिमा घडवण्याच्या किमान सहा वेगवेगळ्या शैली हाताळा आणि फाइल सादर करा.’ फोटोग्राफीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत कधी ना कधी हे काम येतंच. मी शिकत होते तेव्हा मीही धावतपळत सहा ठिकाणी गेले. मासळी बाजार ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, गणपतीची मिरवणूक स्लो शटरवर, सिंहगडावरचं धुकं, असं काय काय. फाइल जाडजूड झाली. आमच्या सरांनी ती दोन मिनिटांत चाळली आणि म्हणाले, “बाजार छान आहे, धुकं छान आहे. यात तू काय केलंस?”

उत्तर नव्हतं. प्रत्येक पानावर विषयही बदलला होता आणि तऱ्हाही, त्यामुळे कशामुळे काय बदललं हे मलाच सांगता येईना. पुढे एकच वस्तू धरून सगळी फाइल नव्याने केली, आणि आता कोणी विचारलं की हेच सांगते: विषय एक ठेवा, बाकी सगळं हलवा.

वस्तू निवडताना

‘बालपण’, ‘एकटेपणा’, ‘पाऊस’ असले विषय नकोत, ते हातात धरता येत नाहीत. हातात मावेल, उन्हात नेता येईल आणि कोणीतरी रोज वापरत असेल अशी वस्तू घ्या. तिला बाहेरून ओळखू येईल असा आकार हवा, थोडी चमक हवी आणि वापरताना हालचाल हवी. मी आजीचा अडकित्ता घेतला. पितळी दांडे, लोखंडी पातं, मधे खीळ. खलबत्ता चालेल, विळी चालेल, शिवणाची कात्री चालेल. मोबाइल मात्र नको. बंद पडद्याच्या काळ्या चौकोनातून सहा तऱ्हा काढताना घाम फुटतो.

एक वही करा. प्रत्येक फोटोमागे उजेड कुठून आला, शटर किती (ते किती वेळ उघडं राहिलं), छिद्र किती (भिंगातून उजेड आत येण्याची वाट किती रुंद), आयएसओ किती (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) आणि मला काय हवं होतं, हे लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळे रिकामा सोडतात.

पहिली तऱ्हा: जशी आहे तशी

सुरुवात सरळ फोटोने करा. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३०च्या सुमारास ढोबळी मिरची अशी टिपली की ती पाहताना माणसाची पाठ आठवते. त्यात क्लृप्ती काही नव्हती, नुसता उजेड आणि धीर.

खिडकीजवळ टेबल, त्यावर राखाडी कार्डशीट, कॅमेरा ट्रायपॉडवर. आयएसओ १००, छिद्र एफ ११, शटर जे येईल ते, आणि दोन सेकंदांचा टायमर. पितळेचा फोटो काढायचा म्हणजे खरं तर पितळेत पडलेल्या प्रतिबिंबांचा फोटो काढायचा असतो. खिडकी, पंखा, तुमचा लाल टी-शर्ट, सगळं त्या दांड्यात दिसतं. म्हणून खिडकीला ट्रेसिंग पेपर किंवा जुनं पांढरं धोतर लावा आणि सावलीच्या बाजूने थर्माकोलचा तुकडा धरा. धातूची कड पार्श्वभूमीत विरघळायला लागली, तर तिच्याजवळ फोटोत न येईल अशी काळ्या कार्डाची पट्टी उभी करा. पट्टीची काळी रेघ पितळेत उतरते आणि आकार उठून येतो.

अडकित्ता चिंचेने लख्ख घासू नका. अंगठा जिथे टेकतो तिथे आजीने तीसेक वर्षांत पितळ गुळगुळीत केलं आहे, फोटो त्याचाच काढायचा आहे.

दुसरी तऱ्हा: कॅमेऱ्याविना, उन्हात

इथे थोडं थांबू, कारण फाइलमधलं सगळ्यात देखणं पान इथूनच निघतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

सायनोटाइप ही पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या वनस्पती-अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी तिच्यावर समुद्री शैवालांचे ठसे घेऊन ते पुस्तकरूपात आणायला सुरुवात केली. इमारतींच्या नकाशांना आपण ब्ल्यूप्रिंट म्हणतो, तो निळा हाच. लोहक्षारावर अतिनील किरण पडले की त्याचं रूप बदलतं आणि दुसऱ्या रसायनाशी मिळून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. जिथे सावली पडली तिथलं रसायन पाण्यात धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो.

दोन द्रावणं लागतात. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरव्या रंगाचं. दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. बाटल्या तपकिरी हव्यात आणि वेगवेगळ्या. ‘सायनाइड’ ऐकून घरचे घाबरतात. या क्षारात ते लोहाशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या हाताळणीत तेवढा धोका नसतो. तरी हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, आणि संडास-बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड याच्या आसपाससुद्धा आणू नका. तीव्र अ‍ॅसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटू शकतो.

संध्याकाळनंतर खोलीत मंद पिवळा दिवा लावून दोन्ही द्रावणं सम प्रमाणात मिसळा. दहा आणि दहा मिली घेतलं तर ए-फोर आकाराचे सहा-सात कागद होतात. कागद वॉटरकलरचा, जाड, ३०० जीएसएमचा. ब्रश स्पंजचा घ्या. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश घेतलात तर पट्टीचं लोखंड द्रावणात उतरतं आणि निळे ठिपके पडतात. एकदा आडवा, एकदा उभा, पातळ हात मारा. कागद अंधारात रात्रभर वाळू द्या. वाळल्यावर तो पिवळट पोपटी दिसला पाहिजे. आधीच निळसर झाला असेल तर त्याला उजेड लागलाय, टाकून द्या.

आता अडकित्त्याची खास अडचण. पातं लोखंडाचं आहे आणि कागदावर लोखंडाच्या नावानेच पेटणारं रसायन. कागद जरा जरी दमट असला तरी पात्याच्या जागी निळा डाग उमटतो. माझे पहिले तीन ठसे असेच गेले, आणि मी दोष देत होते कागदाला. उपाय सोपा: कागदावर आधी पारदर्शक ओएचपी शीट ठेवा आणि तिच्यावर अडकित्ता.

ऊन भर दुपारचं घ्या. वस्तू जाड आहे, तिरपं ऊन आलं तर सावली लांबते आणि कड धूसर होते. अर्थात एक ठसा मुद्दाम सकाळी नऊच्या उन्हातही घ्या, त्या लांबलेल्या सावलीत अडकित्त्याचा चक्क बगळा होतो. एप्रिलमध्ये पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सात-आठ मिनिटं पुरायची, डिसेंबरच्या सकाळी वीसही लागायची. घड्याळापेक्षा रंग बघा: पोपटीचा निळा, निळ्याचा करडा-कांस्य झाला की उचला. पावसाळ्यात या भानगडीत पडू नका.

मग साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. आमच्याकडे बोअरचं पाणी. ते अल्कधर्मी असल्यामुळे निळा रंग डोळ्यांदेखत फिका व्हायचा. पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यावर रंग टिकला. पहिल्यांदा ठसा पाण्यात घालाल तेव्हा तो उतरलेला वाटेल. वाळताना हवा लागून दिवसभरात निळा गडद होतो, तेव्हा रडू नका.

तिसरी तऱ्हा: हात हलतोय

आता अडकित्ता मालकिणीच्या हातात द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, आजी खिडकीपाशी. शटर १/२५० सेकंदाला अडकित्ता थिजलेला, सुपारी कातरतेय की नुसती धरलीय ते कळत नाही. १/८ ला डावा हात स्थिर राहतो, उजव्याची मूठ धूसर होते आणि पातं पंख्यासारखं दिसतं. एक सेकंदाला उजवा हात जवळपास नाहीसाच होतो, मांडीवरच्या ताटलीत सुपारीचे तुकडे तेवढे स्वच्छ राहतात. तिन्ही वेगांवर दहा-दहा फोटो घ्या, दोन-तीन बरे निघतील. फोनच्या प्रो मोडमध्येही हे जमतं, फक्त फोन टेकवलेला हवा.

वहीत लिहा की कोणत्या वेगाला तुम्हाला ‘कातरणं’ दिसलं. माझं उत्तर १/८ होतं. आजीचं उत्तर होतं, “अगं, हात नीट दिसत नाही तो फोटो कसला?” दोन्ही लिहून ठेवले.

चौथी तऱ्हा: तुकडे जोडून

डेव्हिड हॉकनी हा मूळचा चित्रकार. १९८२ मध्ये त्याने पोलरॉइडचे ढीगभर तुकडे जोडून एकेक चित्र करायला सुरुवात केली, कारण एका क्षणात एका डोळ्याने पाहिलेलं जग त्याला खोटं वाटत होतं. तुम्ही पानाचा डबा, चुन्याची डबी, आजीचे हात, चष्मा, पाय, अडकित्ता असे तीस-चाळीस फोटो वेगवेगळ्या अंतरांवरून काढा. एक्स्पोजर (कॅमेऱ्याने धरलेलं उजेडाचं माप) लॉक करून ठेवा, नाहीतर तुकड्यांचा उजेड भलताच विसंगत होतो. छोट्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि सरकवत राहा. फोनमधल्या पॅनोरमाने जोडू नका. पॅनोरमा सांधे लपवतो, इथे सांधे दिसायला हवेत. एकाच अडकित्त्याची तीन पाती झाली तर होऊ द्या.

पाचवी तऱ्हा: नऊ घरचे नऊ

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळसा खाणींचे मनोरे एकाच पद्धतीने टिपले: समोरून, ढगाळ उजेडात, भावना न दाखवता. मग ते फोटो ओळीने चौकटीत लावले. एकेकटे कंटाळवाणे असलेले फोटो शेजारी-शेजारी आले की फरक बोलायला लागतात.

आधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. तिथे अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. काचेआड फोटो काढण्याचा हट्ट धरू नका, परवानगीचं विचारून घ्या आणि आकारांची कच्ची रेखाटनं वहीत करा. नंतर शेजारीपाजारी विचारा. आमच्या सोसायटीत नऊ अडकित्ते निघाले, त्यातले चार गेली कित्येक वर्षं कोणी उघडलेलेही नव्हते. कॅमेऱ्याची उंची, कागदाची जागा, ट्रायपॉडचे पाय, सगळ्याला चिकटपट्टीच्या खुणा करा. दुसऱ्या दिवशी सूत भरही हललं तर चौकटीत लगेच खुपतं.

सहावी तऱ्हा: रंग भरून

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर ब्रशने रंग भरत. मॅट कागदावर प्रिंट काढा (ग्लॉसीवर रंग धरत नाही) आणि जलरंगाचे पातळ थर द्या. सगळं रंगवू नका. मी फक्त आजीचे ओठ आणि कात रंगवला होता.

फाइल लावताना

काढलेल्या क्रमाने लावू नका. सरळ फोटो पहिला, बाकीच्यांचा क्रम जमिनीवर पसरून ठरवा. प्रत्येक तऱ्हेसोबत कॉन्टॅक्ट शीट (काढलेले सगळे फोटो लहान आकारात एकत्र छापलेलं पान) आणि निदान एक फसलेली प्रत ठेवा, खाली काय चुकलं ते दोन ओळींत. तोंडी परीक्षेत माझ्या त्या निळ्या डागांवरच सर्वांत जास्त प्रश्न आले, आणि तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं मी न अडखळता दिली. फाइलसोबतचं तुमचं लेखी निवेदन दीडशे शब्दांत बसवा. ‘या प्रकल्पातून मला खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य सापडलं तर खोडा.

सायनोटाइप प्लास्टिकच्या स्वस्त पाऊचमध्ये दमट ठेवू नका, आणि भिंतीवर थेट उन्हातही नको, रंग उडतो. उडालाच तर काही दिवस अंधारात ठेवा, बराचसा परत येतो.

आणि अडकित्ता परत करण्याआधी साबणाने धुऊन, पुसून, खिळीत खोबरेल तेलाचा थेंब सोडा. तो आता पुन्हा सुपारीला लागणार आहे. मी नुसता पुसून दिला होता, तर आजीने पातं नाकाशी धरलं आणि आधी राखेने घासायला घेतलं.