स्पॅनिशमध्ये शुभचिंतनाचा शब्द कसा निवडावा

ठाण्यात माझ्याकडे स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी परदेशी सहकाऱ्याच्या लग्नासाठी संदेश लिहायला बसले, की शब्दकोशात ‘भाग्य’ शोधून ‘बुएना सुएर्ते’ लिहितात. त्याने नवदांपत्याला परीक्षेला पाठवल्यासारखे वाटते. म्हणून आधी एकच प्रश्न विचारावा: जे चांगले व्हावे असे आपण म्हणतो, ते येणार कोणाकडून?

मुलाखत किंवा सिडकोची सोडत यांसारख्या, निकाल आपल्या हाती नसलेल्या गोष्टींसाठी ‘सुएर्ते’ अगदी योग्य आहे, कारण ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचा अर्थच चिठ्ठी टाकून ठरणारा वाटा असा होता. ‘फोर्तुना’ म्हणजे दैव खरे, परंतु बोलण्यात तो शब्द धनदौलतीकडे झुकतो. शुभेच्छेत तो टाळलेला बरा.

देवाकडून किंवा वडीलधाऱ्यांकडून येणारे ते ‘बेंदिसिओन’, आणि हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. व्हेनेझुएलात मुले आईवडिलांना किंवा आजीआजोबांना भेटताना आणि निरोप घेताना नुसते ‘बेंदिसिओन’ म्हणून आशीर्वाद मागतात आणि मोठी माणसे ‘दिओस ते बेंदिगा’, म्हणजे ‘देव तुला आशीर्वाद देवो’, असे उत्तर देतात. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर ‘औक्षवंत हो’ म्हणतात, त्याच मायेने. येथे क्रियापदाकडे नीट लक्ष द्यावे. ‘बेंदिसे’ म्हणजे ‘आशीर्वाद देतो’, तर ‘बेंदिगा’ म्हणजे ‘आशीर्वाद देवो’. एका अक्षराने प्रार्थनेचे साधे विधान होते. ‘ते’ हे एका व्यक्तीला, तेही ‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक असेल तर. वधूवर दोघांसाठी लॅटिन अमेरिकेत ‘लोस’ आणि स्पेनमध्ये, आपुलकीच्या नात्यात, ‘ओस’ वापरावे. समोरची माणसे धार्मिक नसतील, तर ‘लेस देसेओ मुचा फेलिसिदाद’, म्हणजे ‘तुम्हाला खूप सुख लाभो’, एवढे पुरते.

‘अखंड सौभाग्यवती भव’ याचे भाषांतर करू नये. त्या सौभाग्यातला पतीच्या आयुष्याचा अर्थ वरीलपैकी एकाही स्पॅनिश शब्दात नाही, त्यामुळे हा आशीर्वाद मराठीतच लिहून खाली त्याचा भावार्थ द्यावा.

लग्न ठरल्याचे किंवा झाल्याचे अभिनंदन करायचे असेल, तर मेक्सिकोतील मित्राला ‘फेलिसिदादेस’ लिहावे. स्पेनमधील मित्राला मी ‘एनोराबुएना’ लिहितो, कारण त्याची फोड ‘चांगल्या घटकेला’ अशी होते, आणि घटिका भरण्याची वाट पाहत अक्षता हातात धरून उभे राहणाऱ्या आपल्या माणसांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.