‘एवढ्यानं काय होतंय?’ असं कुणी म्हणालं तर

माझं काम व्हॉल्व्ह तपासण्याचं. व्हॉल्व्ह बेंचवर बसवायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरून हवा काढून टाकायची आणि तो ज्या दाबावर चालणार आहे त्याच्या दीडपट दाब द्यायचा. मग घड्याळ लावून गेजकडे बघत बसायचं. काटा खाली आला नाही, जोडावर थेंब धरला नाही, तर रिपोर्टवर सही.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी साडेसहाला 24 पैकी 18 व्हॉल्व्ह झाले होते. गाडी दारात उभी. साहेब आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अहो, सगळे एकाच लॉटचे आहेत. अठरा पास झाले, मग हे सहा काय वेगळे निघणार? एवढ्यानं काय होतंय?” मी 24 वर सही केली. त्या रविवारी चर्चच्या मंडळीत बायबलमधलं शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. वाचताना आवाज जरासुद्धा कापला नाही. सहीपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली.

पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे. ज्यांच्या पुढ्यात असा कागद कधी ना कधी येणार आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिल्यांदा, दबाव कोणत्या आवाजात येतो ते ओळखायला शिका. आपण सिंहाची वाट बघत बसतो आणि येतो तो आपलं भलं चिंतणारा माणूस. रोमन साम्राज्यातल्या स्मुर्णा शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प, इ.स. 155 च्या सुमारास त्याला पकडून नेलं, ती हकीकत त्याच्या मंडळीनं लिहून ठेवली आहे. श्रद्धा न सोडणाऱ्या ख्रिस्ती लोकांना जिथे मारत त्या मैदानात पोचायच्या आधी पकडणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याला आपल्या गाडीत शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, की ‘कैसर (म्हणजे रोमन सम्राट) प्रभू आहे’ एवढं म्हणायला आणि जीव वाचवायला काय हरकत आहे? धमक्या नंतर आल्या. त्यामुळे समोरचा ओरडत असेल तर मी हल्ली निर्धास्त असतो. तो खांद्यावर हात ठेवतो तेव्हा सावध होतो. माझे साहेब वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. घरात आजारपण होतं तेव्हा त्यांनी मला न मागता रजा दिली होती. म्हणून तर नाही म्हणणं जड गेलं.

दुसरं, रेघ आधीच आखून ठेवा. साडेसहाला, गाडी दारात असताना, कुणालाही विचार करता येत नाही. बायबलमधल्या दानीएलानं, बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या त्या यहूदी तरुणानं, राजाचं अन्न न खाण्याचा निश्चय मनात आधी केला, मग तो बोलायला गेला. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण पटकन वाचून पुढे जातो. बाबेलमध्ये त्याचं नाव बदललं, बेल्टशस्सर ठेवलं. खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, विद्या शिकवली. ज्या राजानं यरुशलेम जिंकलं त्याच्याच दरबारात चाकरी दिली. यातल्या कशालाही तो अडून बसल्याचं तिथे लिहिलेलं नाही. अडला तो एकाच ठिकाणी, आणि तिथून हलला नाही.

मी कुठे अडायचं याची माझी यादी एका कार्डावर लिहिली तेव्हा तिच्यात अकरा गोष्टी होत्या. पाळकांना दाखवली. त्यांनी पेन घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “यासाठी नोकरी सोडाल?” सात ओळी गेल्या, चार उरल्या. ख्रिस्ताला नाकारणार नाही. त्याच्याखेरीज कुणाची उपासना करणार नाही. खोट्यावर सही करणार नाही. दुसऱ्याचं नुकसान होत असताना गप्प बसणार नाही. गेलेल्या सातांत ‘रविवारची पाळी घेणार नाही’ हीही ओळ होती. तिच्यावर मी एकदा मोठा तात्त्विक वाद घातला होता. खरं सांगायचं तर त्या रविवारी मला नुसता कंटाळा आला होता. माझ्या जागी तान्हं मूल घरी ठेवून एक सहकारी आली. उपासनेला मी पाऊण तास उशिरा गेलो आणि मागच्या बाकावर डुलकी काढली. श्रद्धेच्या नावाखाली आपण काय काय खपवतो, ते असं कार्ड लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

आणि आपली रेघ दुसऱ्यावर ओढू नका. बायबलमधला अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, की माझा धनी रिम्मोन या दुसऱ्या देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो, तेव्हा मलाही नमावं लागतं, त्याची परमेश्वरानं क्षमा करावी. संदेष्ट्यानं त्याला व्याख्यान दिलं नाही. ‘शांतीने जा’ म्हणाला. माझ्या चार ओळी माझ्या आहेत. शेजारच्याच्या तीन असतील, त्याचा हिशेब त्याच्याकडे.

आता प्रत्यक्ष नकार. इथे बहुतेक जण जास्त बोलतात, मीही बोललो आहे. एकदा साहेबांना दहा मिनिटं नीतिमत्ता समजावली. त्यांच्या लक्षात फक्त एवढंच राहिलं, की हा मला पापी समजतो. दानीएलाची रीत जास्त चांगली. त्यानं वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली. त्या बिचाऱ्याला स्वतःच्या डोक्याची धास्ती होती. मग दानीएल खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी देऊन बघ, मग आमची तोंडं बघून ठरव. समोरच्याची अडचण त्यानं ओळखली, पर्याय दिला आणि मुदतही दिली.

माझं वाक्य आता ठरलेलं आहे: “साहेब, न तपासलेल्यावर सही मला जमणार नाही. सहा व्हॉल्व्हना दोन तास लागतील, मी थांबतो.” एवढंच. ‘जमणार नाही’ म्हणायचं. ‘बरोबर वाटत नाही’ म्हटलं की समोरचा तुमचं वाटणं दुरुस्त करायला बसतो. हे वाक्य घरी मोठ्यानं म्हणून बघा, आरशासमोर म्हटलंत तरी चालेल. पहिल्यांदा माझा घसा कोरडा पडला होता, समोर कुणी नसताना. कारण विचारलं तर सांगायचं, लपवायचं नाही. पण बायबलमधलं पेत्राचं पत्र म्हणतं तसं, सौम्यतेनं आणि विचारल्यावर.

संकट शोधत जाऊ नका, हेही त्याच पॉलिकार्पच्या हकीकतीत आहे. क्विंटस नावाचा एक जण आपणहून पुढे झाला, इतरांनाही पुढे ढकललं, आणि मैदानातली श्वापदं दिसताच घाबरून देवतांना बळी अर्पून मोकळा झाला. म्हातारा पॉलिकार्प मात्र आधी मित्रांचं ऐकून गावाबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. पकडायला आले तेव्हा त्यानं त्यांना जेवू घातलं आणि प्रार्थनेला एक तास मागून घेतला.

किमतीबद्दल थोडक्यात. राजाच्या मूर्तीपुढे नमा नाहीतर भट्टीत टाकतो, असं म्हटल्यावर दानीएलाचे सोबती शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी राजाला सांगितलं, की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं नाही सोडवलं तरी आम्ही नमणार नाही. ते ‘तरी’ घरातल्यांना आधी सांगून ठेवा. बायकोला त्या कार्डाबद्दल आठ महिन्यांनी कळलं. ती चिडली ते कार्डावरून नव्हे, आठ महिन्यांवरून. त्यानंतर आम्ही थोडे थोडे पैसे बाजूला टाकायला लागलो. महिना-दोन महिने पगाराशिवाय निघतील एवढी गंगाजळी असली की ‘जमणार नाही’ म्हणताना आवाज बराच स्थिर राहतो. यात श्रद्धा कमी पडते असं मला वाटत नाही.

आणि सही होऊनच गेली असेल तर? इ.स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसनं फर्मान काढलं, की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पून बलिदान करावं आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत, ठरावीक मजकूर, खाली साक्षीदाराची सही. काही ख्रिस्ती लोकांनी बलिदान न करताच पैसे चारून कागद मिळवला. हात स्वच्छ, कागदही हातात. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं त्यांना प्रत्यक्ष बलिदान करणाऱ्यांहून वेगळं धरलं, पण श्रद्धेतून पडलेल्यांतच मोजलं. आणि परतायची वाट पश्चात्तापातून खुली ठेवली. मी हे वाचलं तेव्हा कागदावरच्या सहीनं पोट भरणारा माणूस म्हणून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

अकराव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की ते सहा मी तपासले नव्हते, परत मागवा. त्यांनी दार लावून घेतलं आणि जे बोलायचं ते बोलले. सहा व्हॉल्व्ह परत आले. एकेक बेंचवर चढवला. सहाच्या सहा पास झाले. काटा जागचा हलला नाही. “म्हटलं नव्हतं?” साहेब म्हणाले. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. जुना रिपोर्ट रद्द करून मी नव्या तारखेचा लिहिला.

हल्ली माझ्याकडे फाइल चार वाजताच येते. साडेसहाला यायची असेल तर शेजारच्या टेबलावर जाते. तिथे नुकताच लागलेला एक मुलगा बसतो. परवा गेज पुसता पुसता त्यानं हळूच विचारलं, “तुम्ही नेमकं काय म्हणता हो त्यांना?” मी एका कोऱ्या टेस्ट रिपोर्टच्या मागे ते वाक्य लिहून दिलं. त्यानं वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.