रोमन सत्तेच्या नजरेतून आरंभीचे ख्रिस्ती: मूळ कागद कसे वाचावेत

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांविषयी रोमन राजसत्तेचे मत काय होते, हे ज्याला स्वतः तपासून पाहायचे आहे, त्याने ‘राजसत्ता’ हा मोघम शब्द प्रथम बाजूला ठेवावा आणि कोणत्या हुद्द्यावरचा कोणता माणूस, कोणत्या काळी व कोणत्या अडचणीत सापडून लिहितो आहे, एवढे पाहावे. सम्राट नीरोच्या काळात रोम शहराला लागलेल्या आणि जिचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवला गेला त्या इ. स. 64 च्या आगीपासून, त्यांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली त्या 313 पर्यंतच्या सुमारे अडीचशे वर्षांत रोमचे ख्रिस्ती लोकांविषयी एकच एक धोरण कधीच नव्हते. 250 च्या सुमारापर्यंत जे छळ झाले ते बहुतेक त्या त्या शहरापुरते, तिथल्या जमावाच्या रोषातून किंवा एखाद्या सुभेदाराच्या मर्जीतून झालेले दिसतात.

वाचनाची सुरुवात नीरोपासून करण्याचा मोह होतो, कारण ती हकिगत भडक आहे. पण ती सांगणारा रोमन इतिहासकार टॅसिटस आगीनंतर सुमारे पन्नास वर्षांनी लिहीत होता. त्यापेक्षा बिथिनिया-पाँटस (आजच्या तुर्कस्तानाचा उत्तर भाग) या प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने 112 च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र आधी हाती घ्यावे, कारण प्रकरण चालू असताना, वरिष्ठांचा सल्ला मागण्यासाठी लिहिलेला असा अस्सल सरकारी कागद या विषयात दुर्मीळ आहे. पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागातील 96 व्या क्रमांकाचे हे पत्र आहे. मात्र त्याआधी त्याच भागातील 33 आणि 34 ही दोन छोटी पत्रे जरूर वाचावीत. निकोमेडिया शहरात मोठी आग लागल्यावर प्लिनीने 150 जणांचे अग्निशामक पथक उभारण्याची परवानगी मागितली होती आणि ट्रेजनने ती नाकारली. लोक कोणत्याही कारणाने आणि कोणत्याही नावाने एकत्र आले, तरी थोड्याच काळात त्यांची राजकीय टोळी बनते, असे त्याचे म्हणणे होते. जिथे आग विझवणाऱ्यांचा जमावही सरकारला खपत नव्हता, तिथे पहाटे उजाडण्यापूर्वी जमणाऱ्या मंडळींकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर मूळ पत्र वाचताना प्लिनी काय विचारतो आणि काय विचारत नाही, याची नोंद समासात करत जावी. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना आपण यापूर्वी कधी हजर नव्हतो, हे तो पहिल्याच काही ओळींत कबूल करतो. वयाचा विचार करायचा का, पश्चात्ताप करणाऱ्याला माफी द्यायची का, आणि शिक्षा नुसत्या ‘ख्रिस्ती’ या नावाला द्यायची की त्या नावाला चिकटलेल्या गुन्ह्यांना, हे त्याचे खरे प्रश्न आहेत. ख्रिस्ताची शिकवण काय होती, याविषयी त्याला कसलेही कुतूहल नाही. त्याची पद्धत अशी होती की आरोपीला तीनदा विचारायचे, दुसऱ्या व तिसऱ्या वेळी मृत्युदंडाची धमकी द्यायची आणि तरीही जो ठाम राहील त्याला शिक्षेसाठी पाठवायचे. रोमन नागरिक असलेल्यांची रवानगी मात्र रोमला करायची. त्यांचे म्हणणे काहीही असो, हा हट्ट आणि ही न वाकणारी वृत्ती तरी शिक्षेस पात्र आहेच, असे तो लिहितो, आणि माझ्या मते सगळ्या पत्राची किल्ली या एका वाक्यात आहे. सुभेदारासमोर उभा राहून नकार देणे हाच त्याच्या लेखी अपराध होता.

नाकबूल जाणाऱ्यांची कसोटीही पाहण्यासारखी आहे. त्यांनी देवांना आवाहन करायचे, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करायचे आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे. पंथ सोडून गेलेल्यांनी, त्यात काही वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले होते, दिलेल्या जबानीत कटाचा मागमूस नाही: ठरलेल्या दिवशी पहाटे जमणे, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणणे, चोरी आणि व्यभिचार न करण्याची शपथ घेणे आणि नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न खाणे. खातरजमा करण्यासाठी प्लिनीने पंथात सेवेचे पद सांभाळणाऱ्या दोन दासींचा छळ केला, आणि हाती लागली ती केवळ एक अतिरेकी, विकृत अंधश्रद्धा, असे तो कोरडेपणाने नोंदवतो. शेवटी तो देवळांत पुन्हा गर्दी होऊ लागल्याचे आणि ज्याला आतापर्यंत गिऱ्हाईक मिळत नव्हते ते बळीचे मांस पुन्हा विकले जाऊ लागल्याचे सांगतो. हा तपशील वगळू नये. तक्रारी कुठून येत असाव्यात, याचा अंदाज तिथेच बांधता येतो.

ट्रेजनचे उत्तर जेमतेम काही ओळींचे आहे. ख्रिस्ती लोकांना हुडकून काढू नये. आरोप होऊन सिद्ध झाला तर शिक्षा करावी. देवांची पूजा करून जो नाकबूल होईल त्याला माफ करावे. निनावी पत्रके मात्र विचारात घेऊ नयेत, कारण ते आपल्या काळाला शोभत नाही. शोधू नये आणि सापडल्यास शिक्षा करावी, या विसंगतीची ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने 197 च्या सुमारास खरपूस टिंगल केली. तर्काच्या दृष्टीने तो बिनतोड आहे, पण वाचकाने एवढ्यावर ट्रेजनला निकालात काढू नये. रोमन प्रांतांत सरकारी वकील नव्हता आणि सुभेदाराच्या हाताखाली माणसे मोजकी होती. खटला सामान्यतः एखाद्या खासगी फिर्यादीच्या तोंडून सुरू होई. त्या व्यवस्थेत हे उत्तर म्हणजे एक सोयीची प्रशासकीय तडजोड होती.

आता टॅसिटसकडे वळावे. त्याच्या ‘अ‍ॅनल्स’ या इतिहासाच्या पंधराव्या भागातील 44 व्या प्रकरणात दोन मते शेजारी शेजारी आहेत आणि ती वेगळी ठेवूनच वाचावी लागतात. हे लोक तिरस्करणीय असून मानवजातीचा द्वेष करतात, असे तो म्हणतो. पण आग नीरोच्याच हुकमाने लागली ही अफवा दडपण्यासाठी त्याने ख्रिस्ती लोकांवरचा आरोप रचला, असेही तोच सुचवतो आणि शिक्षेच्या क्रौर्यामुळे लोकांना त्यांची दया येऊ लागल्याचे सांगतो. एक बारीक गोष्ट अशी की येशूला मृत्युदंड देणारा रोमन अधिकारी पिलात याला तो ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो, तर कैसरियाला 1961 मध्ये सापडलेल्या शिलालेखात त्याचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ असा आहे. टॅसिटस बहुधा आपल्या काळातला हुद्दा मागच्या काळाला लावत होता, म्हणून त्याची इतर वर्णनेही थोडी सावधपणे घ्यावीत.

ख्रिस्ती मंडळींनी जपलेले खटल्यांचे वृत्तान्त वाचताना नायकापेक्षा न्यायाधीशाची वाक्ये अधोरेखित करावीत. 17 जुलै 180 रोजी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये सिल्ली गावच्या ख्रिस्ती लोकांचा खटला चालला; तिथे सुभेदार सॅटर्निनस म्हणतो की आम्हीही धार्मिक आहोत, आमचा धर्म साधा आहे, आम्ही सम्राटाच्या रक्षक दैवताची शपथ घेतो आणि त्याच्या क्षेमासाठी प्रार्थना करतो. विचार करायला तो तीस दिवसांची मुदत देऊ करतो, आणि आरोपी ती नाकारतात. भक्तांनी जतन केलेल्या मजकुरातही अधिकारी राक्षस ठरत नाही, उलट प्रकरण मिटवू पाहतो, म्हणून हा भाग मला विश्वासार्ह वाटतो.

250 पासून मात्र वाचनाची दिशा बदलावी लागते. सम्राट डेसियसने सर्वांना यज्ञबली देण्याचा हुकूम काढला आणि तो पाळल्याचे दाखले देण्यात आले. इजिप्तमधून असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर मिळाले आहेत. मी नेहमीच देवांना बळी देत आलो असून आताही तुमच्या समक्ष पेय अर्पण, बळी आणि प्रसाद हे सर्व केले आहे, असा त्यांचा साचेबद्ध मजकूर असतो. हे सगळे दाखले ख्रिस्ती लोकांचे आहेत असे समजू नये, कारण त्यातला एक चक्क मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारिणीचा आहे. यावरून हुकूम सरसकट होता आणि कागदी पूर्ततेला त्यात किती महत्त्व होते, ते कळते.

303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने चर्च पाडण्याची आणि धर्मग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली, तेव्हाचे कागद तर पंचनाम्यासारखे आहेत. आजच्या अल्जीरियातील सिर्टा येथे 19 मे रोजी झालेल्या झडतीच्या यादीत सोन्याचे दोन व चांदीचे सहा पेले, बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16 अंगरखे आणि बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड अशी नोंद आहे. प्रत्यक्षात ग्रंथ निघाला एकच, आणि उरलेले ‘वाचकांकडे’, म्हणजे चर्चमध्ये धर्मग्रंथ मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांकडे, आहेत असे उत्तर मिळाल्यावर अधिकारी घरोघरी फिरले. इजिप्तमध्ये 304 साली अमोनियस नावाच्या, चर्चमध्ये वाचकाचे काम करणाऱ्या माणसाने आपल्या चर्चकडे सोने, चांदी, पैसा वा जमीन नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले; त्यावर दुसऱ्याने सही केली आहे, कारण त्याला लिहिता येत नाही असे तिथे नमूद आहे. वाचकालाच अक्षर येत नाही, हे कारकुनाने तक्रार न करता लिहून घेतले.

शेवटी सम्राट गॅलेरियसची 30 एप्रिल 311 ची आज्ञा वाचावी. पूर्वजांचा मार्ग सोडलेल्या या लोकांना वळणावर आणण्याचा प्रयत्न केला, पण आता ते ना आपल्या देवांना भजतात ना स्वतःच्या देवाला, अशी तिची तक्रार आहे. म्हणून त्यांनी शिस्तीविरुद्ध काही न करता पुन्हा आपल्या सभा भरवाव्यात आणि आमच्या व राज्याच्या क्षेमासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी, असे ती सांगते. न्यायाधीशांनी काय पाळायचे ते वेगळ्या पत्राने कळवू, असेही तिच्यात आहे, पण ते पत्र उपलब्ध नाही. त्यामुळे आज्ञेची अंमलबजावणी कशी झाली हे तिच्यावरून ठरवू नये: पूर्वेकडे तिथला सम्राट मॅक्सिमिनस दाया याने त्याच वर्षाअखेर पुन्हा छळ सुरू केला होता.