महोगनीचा शेंडा दर आठवड्याला बघा (जून ते ऑक्टोबर, मुंबई, ठाणे, पालघर, रायगड)

पहिला जोरदार पाऊस होऊन दोन-तीन आठवडे गेले की महोगनीला तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. मालक ती पाहून खूश होतो आणि शेंडा पोखरणाऱ्या अळीचा पतंगही तिच्याच वासावर असतो. तो रात्रीचा फिरतो, त्यामुळे दिवसा दिसत नाही. कोवळ्या देठाशी एखाददुसरं अंडं घालून निघून जातो. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि देठाच्या बगलेतून थेट शेंड्याच्या गाभ्यात शिरते. एका शेंड्याला एक अळी पुरते.

लागवड करून, कुंपण घालून, थेट दिवाळीला बागेत जाणारे यातच नागवले जातात. शेंडा जुलैत मेलेला असतो, त्याच्याखालून चार-पाच फुटवे निघालेले असतात आणि सरळ वाढायचं खोड गुडघ्याच्या उंचीवर झुडूप होऊन बसलेलं असतं. झाड मरत नाही, हिरवंगार दिसतं, म्हणून नुकसान झालंय हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. महोगनीला भाव येतो तो दहा-बारा फूट सरळसोट, बिनगाठीच्या ओंडक्याला. अडीच फुटांवर बेचकं झालेल्या झाडाचं पुढे जळणच होतं.

वाऱ्याचाही विचार करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तशा वाऱ्यात चिंचोळ्या बेचक्याचं झाड मधोमध फाटतं. दोन फांद्यांच्या मध्ये साल दाबली जाते, लाकूड एकमेकांत मिसळत नाही आणि तो सांधा कायमचा कच्चा राहतो.

रोपं विकणारा सांगतो, कडुनिंबाच्या कुळातलं झाड, कडू, कीड शिवतसुद्धा नाही. कूळ एकच आहे हे खरं. पण ही अळी त्याच कुळावर जगते. महोगनी, खाया, तून (कुरक) आणि चिक्रासी या चारही झाडांचे शेंडे ती खाते. बांधावर किंवा ओढ्याकाठी तुनाचं झाड असेल तर तुमच्या बागेत अळी लवकर येणार असं धरून चला.

काय बघायचं

सकाळी उन्हं तिरपी असताना बघा. पहिली खूण म्हणजे कोवळ्या पानाच्या बगलेत चिकटलेला तपकिरी-लालसर भुसा, ओल्या लाकडाच्या भुशासारखा, बारीक रेशमी जाळ्यात अडकलेला. बोटाने चाळवला तर धाग्यासकट निघतो आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं. या वेळी शेंडा अजून ताठ असतो आणि अळी हाताशी असते. पाच-सहा दिवसांनी शेंडा मान टाकतो, मग काळा पडतो. काळा शेंडा दिसला म्हणजे तुम्हाला किमान एक आठवडा उशीर झाला, अळी बरीच खाली उतरली.

मोठी अळी निळसर, अंगावर काळे ठिपके, दोन-अडीच सेंटीमीटर लांब. एक पिढी साधारण एक ते दोन महिन्यांत पुरी होते. म्हणून जूनअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंत आठवड्यातून एक फेरी, आणि ऑगस्टमध्ये उघडीप पडून नवी पालवी आली की आठवड्यातून दोन. मुंबईत राहून शहापूर, कर्जत, मुरबाडला जमीन असलेल्यांनी रविवारची गाडी चुकवू नये. जमत नसेल तर राखणदाराला हा भुसा एकदा झाडावर दाखवून द्या. फोनवर सांगून कळत नाही. चारशे रोपांना एका माणसाची एक सकाळ लागते. डोक्यावर गेलेल्या शेंड्यांसाठी शिडी न्या. खोड वाकवून बघू नका, पावसाळ्यातलं कोवळं लाकूड मोडतं.

सापडल्यावर

छाटणीची कात्री घ्या. भोकाच्या खाली दोन बोटं कापा आणि कापलेलं तोंड बघा. मध्यभागी तपकिरी पोकळी दिसली तर आणखी दोन बोटं खाली या. गाभा पांढरा, भरीव लागला की थांबा. कापलेला तुकडा तिथेच उभा चिरून अळी मारा. हे टाळून शेंडे बांधावर फेकले तर अळी त्यातच कोष करते आणि पुढच्या महिन्यात पतंग होऊन तुमच्याच बागेत परत येते.

खोड अंगठ्याहून जाड असेल आणि शेंडा अजून ताठ असेल तर आधी सायकलच्या आऱ्याचा तुकडा भोकात वरखाली फिरवून बघा. टोकाला ओलं लागलं तर शेंडा वाचला.

कापलेल्या जागी १० टक्के बोर्डोपेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा. लोखंडी भांडं नको. तयार पेस्टमध्ये खिळा बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. उघडीप बघून लावा, लावल्यावर दोन तास तरी पाऊस नको.

पुढचं काम विसरलात तर आधीचं सगळं वाया. दोन-तीन आठवड्यांत कापलेल्या जागेखाली तीन ते सहा फुटवे येतात. ते वीतभर झाले की सर्वांत जोमदार आणि सर्वांत सरळ एक ठेवा, बाकीचे बुडापासून काढा. जोराने सारखे असतील तर पश्चिमेकडचा ठेवावा असा आमचा अनुभव आहे. समुद्रावरचा वारा तो खोडाकडे दाबतो, पूर्वेकडचा खोडापासून फाकवतो. ठेवलेला फुटवा बांबूच्या काठीला सुतळीने सैल बांधा, सुतळीचा आकडा इंग्रजी आठासारखा (8), म्हणजे साल घासत नाही.

औषधांबद्दल

अळी गाभ्यात गेल्यावर वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारा कामाचा तो अंडं फुटून अळी आत शिरण्याआधीच्या दिवसांत. त्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरे: ५ किलो निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. पालवी फुटल्यापासून दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या, फक्त शेंड्यांवर. फेरीला याने सुट्टी मिळत नाही. मुंबईच्या पावसात अर्क टिकतो किती, हे तुम्ही जाणताच.

दुकानदार टॉनिक, वाढीचं संजीवक आणि महागडं कीटकनाशक अशी जोडी हातात देईल. बाटलीवरचं पत्रक उघडा आणि त्यात महोगनीचं नाव शोधा. नसेल तर मात्रा कुणी ठरवली ते त्यालाच विचारा. बुंध्याशी फोरेट टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यावर देशात २०२० अखेरपासून बंदी आहे आणि आपल्या पावसात ते विहिरीत उतरतं. युरियाही जुलैनंतर टाकू नये. जास्त नत्राने शेंडा लांब, मऊ होतो आणि तसल्याच शेंड्यांवर अळी जास्त सापडते.

त्यापेक्षा ओळींच्या मध्ये तूर, शेवरी किंवा गिरिपुष्प लावा. बाजूने विरळ सावली मिळाली की महोगनी उजेडासाठी सरळ वर धावते आणि पतंगाला शेंडा सहज सापडत नाही. डोक्यावर दाट सावली मात्र नको, वाढ खुंटते.

रोपं घेताना

'नवं, परदेशी वाण' म्हणून जास्त पैसे देऊ नका. वेस्ट इंडीजची महोगनी १७९५ पासून भारतात आहे आणि मुंबईत राणीच्या बागेत जाऊन मोठी झाडं बघता येतात. तिची पर्णिका लहान, बोटभर. मोठ्या पानाच्या महोगनीची पर्णिका हातभर नव्हे, पण पंजाएवढी आणि फळ वीतभर, उभं अंड्यासारखं. खायाचं फळ गोल, चेंडूसारखं. तिन्ही 'महोगनी' म्हणूनच विकली जातात. अंतर, उंची आणि वाढ वेगळी, अळी मात्र तिघींना तीच. शेंडा आधीच छाटलेलं किंवा दोन शेंड्यांचं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

बाकीची कामं

- जमीन: वरकस, निचऱ्याची. भाताचं खाचर नको.
- अंतर: ३ × ३ मीटर, एकरी सुमारे ४५०.
- खड्डा: ४५ सेंटीमीटर लांब, रुंद, खोल. मेअखेर तयार.
- भरणी: माती, ५ किलो कुजलेलं शेणखत.
- लागवड: जूनअखेर ते जुलैअखेर, पिशवी फाडून.
- तण: आळ्यापुरतं. यंत्राने सालीला जखम नको.
- आळं: पावसात मोडा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बांधा.

आधीच बेचकं झालेली झाडं

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं, मनगटाहून बारीक झाड चार फुटांखाली फुटलेलं असेल तर दोन्ही फांद्या जपत बसू नका. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीत जमिनीपासून वीतभर ठेवून खोड तिरपं कापा, पेस्ट लावा, येणाऱ्या फुटव्यांतला एकच वाढवा. जोमदार मुळांवर तो पावसाळ्यापर्यंत बराच उंच जातो आणि अळीच्या हंगामाआधी खालचं खोड कडक होतं. पाणी नसेल तर हेच काम पहिल्या पावसात करा, पण मग जुलै-ऑगस्टभर त्या झाडांवर आठवड्यातून दोन फेऱ्या. मनगटाहून जाड झालेली झाडं कापू नका. त्यांची कमजोर फांदी दोन टप्प्यांत, यंदा निम्मी आणि पुढच्या वर्षी बुडापासून काढा. शेंडा वीस फुटांवर गेला आणि खाली बारा फूट सरळ खोड मिळालं की त्या झाडाची फेरी बंद केली तरी चालेल.