ख्रिस्ती फॅन्टसी कादंबरी घरात वाचण्याजोगी आहे का, हे कसं ठरवाल?

‘ख्रिस्ती फॅन्टसी’, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली अद्भुत कथा, हे शब्द ऐकले की पुस्तक न उघडताच निकाल लागतो. काही ख्रिस्ती घरांत ते डोळे मिटून मुलाच्या हातात दिलं जातं, काहींत जादूगारीण आहे म्हणून दूर ठेवलं जातं, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांत धर्मप्रचाराच्या शंकेने कोणी हातच लावत नाही. मला हे तिन्ही निकाल घाईचे वाटतात. पुस्तकातले तीन-चार अवघड प्रसंग मोठ्यांनी आधी वाचले, तर खरं उत्तर एका संध्याकाळी मिळतं.

पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते आधी पाहा

सी. एस. लुईस यांची नार्निया या काल्पनिक जगाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात आली, ती मुलांसाठीच. टॉल्किन कॅथलिक होते. त्यांचं १९३७ चं ‘द हॉबिट’ मुलांसाठी आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मात्र मोठ्यांचा ग्रंथ आहे आणि दोन्हींत चर्च किंवा क्रूस कुठेच दिसत नाही. फ्रँक पेरेटी यांच्या १९८६ च्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’मध्ये एका अमेरिकन गावावरून देवदूत आणि दुरात्मे लढतात. ते प्रौढांचं पुस्तक आहे, दहा वर्षांच्या मुलाला झोपताना वाचून दाखवायचं नव्हे. ही सगळी पुस्तकं ‘ख्रिस्ती फॅन्टसी’ या एकाच नावाखाली सापडतात, म्हणून ही पायरी चुकवू नका.

सर्वांत दुःखद प्रसंग एकट्याने वाचा

नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात, १९५० च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये, सतरा प्रकरणं आहेत. चौदाव्यात अस्लान हा सिंह एडमंड या गद्दार मुलाच्या बदल्यात स्वतःला शत्रूच्या हवाली करतो. त्याची आयाळ कापतात, तोंड बांधतात, त्याची टिंगल करतात आणि दगडी चौथऱ्यावर त्याला मारतात. हे वाचताना मोठ्यांचाही आवाज अडखळतो. पण लुईस यांनी प्रत्यक्ष घाव दाखवलेला नाही. एडमंडच्या दोघी बहिणी डोळे झाकून घेतात आणि प्रकरण तिथेच संपतं. क्रूरता दाखवायची, पण मुलाला तिच्यात लोळवायचं नाही, ही जाण ज्या लेखकाला आहे त्याच्यावर मी विश्वास टाकते.

इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: चौदावं आणि पंधरावं प्रकरण एकाच रात्री वाचा. पंधराव्यात पहाट होते आणि अस्लान परत येतो. ‘उरलेलं उद्या’ म्हणून चौदाव्यावर दिवा मालवलात, तर लहान मूल रात्रभर तो मृत्यू उराशी घेऊन पडेल.

ख्रिस्ती घरातल्या मुलांना यात वधस्तंभ आणि पुनरुत्थान आपोआप दिसेल. लगेच शब्बाथशाळेचा धडा सुरू करू नका; मुलाने विचारलं तर बोला. इतर घरांतही लपवाछपवी नको. लेखक ख्रिस्ती होता, ही कथा त्याच्या श्रद्धेतून आली आहे, असं सरळ सांगावं. मुलांना ते पटकन समजतं.

मोह आणि जादू कशी रंगवली आहे ते तपासा

जादू आहे की नाही, यापेक्षा ती कोण वापरतं आणि कशासाठी, हे महत्त्वाचं. नार्नियाच्याच ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मधले अँड्र्यू मामा जादूच्या अंगठ्या बनवतात आणि धोका स्वतः न पत्करता मुलांना पुढे ढकलतात, थोरांना सामान्य नियम लागू नाहीत, असं ते मानतात. लेखक त्यांचं कौतुक करत नाही. एडमंड मंतरलेल्या मिठाईसाठी भावंडांशी दगा करतो. तो परत आल्यावर अस्लान त्याच्याशी बाजूला जाऊन बोलतो. काय बोलला, ते लुईस सांगत नाहीत. मग भावंडांना एवढंच सांगितलं जातं, की झालेल्या गोष्टीबद्दल आता त्याच्याशी बोलायची गरज नाही. चूक मोठी, तिची किंमतही मोठी, पण चुकलेल्या मुलाची नाचक्की नाही. घरात वाचायला याहून चांगलं पान शोधून सापडणार नाही.

परक्या माणसांकडे नीट बघा

ही पायरी आपल्याकडे विशेष गरजेची आहे. नार्नियाच्या ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये कॅलॉर्मेन नावाचा देश आहे: सावळी माणसं, डोक्यावर फेटे, वाकड्या तलवारी, गुलामांचे बाजार. चित्र एकांगी आहे, आणि आपल्या मुलाला त्या फेट्यांत स्वतःचे आजोबा दिसू शकतात. मला ते खटकतं. तरी मी पुस्तक काढून टाकणार नाही, थांबून बोलेन. त्याच कथेत कॅलॉर्मेनचीच अराविस धाडसी आणि स्वाभिमानी आहे. ‘द लास्ट बॅटल’ या शेवटच्या पुस्तकात टॅश या परक्या देवाचा मनोभावे भक्त असलेला एमेथ अस्लानसमोर येतो, तेव्हा त्याला झिडकारलं जात नाही. प्रामाणिकपणे केलेली त्याची सेवा अस्लान स्वतःची मानतो. हे दोन्ही भाग मुलांसमोर ठेवा.

शेवट आधी वाचा

‘द लास्ट बॅटल’ मी दहा-अकराच्या आत देणार नाही. त्यात जुनी पात्रं रेल्वे अपघातात गेलेली असतात आणि एडमंडची मोठी बहीण सुझन त्यांच्या मृत्यूनंतरच्या आनंदात सामील नसते. नुकताच घरात कोणाचा मृत्यू झाला असेल, तर हे पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा.

सुरुवात कुठून करावी

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी जॉर्ज मॅकडोनाल्ड यांचं १८७२ चं ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ घ्या. त्यातली पणजीच्याही आधीच्या पिढीतली आजी राजकन्येला जवळजवळ अदृश्य धागा देते, आणि त्याच्या आधाराने मुलगी अंधाऱ्या खाणीत शिरते. इंग्रजी जुनं आहे, तेव्हा परिच्छेद वाचून मराठीत सांगत चला. आठ-नऊला नार्निया, पण १९५० च्या पुस्तकापासून. सध्याच्या अनेक आवृत्त्यांवर १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक दिलेला असतो. त्याने सुरुवात केली, तर कपाटामागचं नार्नियाचं जग सापडण्याची निम्मी मजा जाते. दहाच्या पुढे ‘द हॉबिट’; त्यातल्या कोळ्यांच्या प्रकरणाला मात्र मुलाजवळ बसा.